धुणें आणि वाळवणें एकाच यंत्रांत : वापर, निगा व सावधगिरी

गेल्या श्रावणांतली गोष्ट. आमच्या एकोडीस लागोपाठ आठ दिवस सूर्यदर्शन घडलें नव्हतें. साकोली तालुक्यांतला हा भाग धानाचा. पावसाळ्यांत बांध्या भरतात, बोड्या व जुने मालगुजारी तलाव तुडुंब होतात. आणि शेतकऱ्यास जें सुख, तेंच घरांतील धुणें वाळविणाऱ्यास संकट होऊन बसतें. भंडारा जिल्ह्यांत वर्षाकाठीं १,३०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, व त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. अकरा माणसांचें आमचें एकत्र कुटुंब. त्यांत थोरली सून बाळंतीण. ओसरीपासून माजघरापर्यंत दोऱ्या ताणलेल्या, त्यांवर धोतरें, पातळें, पंचे, दुपटीं. आणि सगळ्या घरांत दमट कपड्यांचा तो ओळखीचा कुबट वास. अशा वेळीं नागपुरास नोकरीस असलेल्या चिरंजीवांनीं धुणारें व वाळविणारें असें जोडयंत्र घरीं आणिलें, तेव्हां सर्वांस हायसें वाटलें. मातोश्रींनीं त्यास हळदकुंकू वाहिलें. मीं त्याची पुस्तिका कपाटांत नीट ठेवून दिली. न वाचतां ठेविली, हें येथेंच कबूल करितों. कारण पुढील सर्व हकीकत त्या एका चुकीची आहे.

मातोश्रींचे गुडघे धरतात म्हणून रोज सकाळीं त्यांस अळशीचें, म्हणजे जवसाचें, कोमट तेल चोळावयाचें, अशी घरची वहिवाट. तेल टिपलेले चार-सहा पंचे त्या दिवशीं इतर कपड्यांबरोबर यंत्रांत गेले. "लौकर आटोपेल असें बटण लावा," असें मींच सांगितलें. त्यामुळें थंड पाण्याची अर्ध्या तासाची धुलाई झाली व पुढें वाळवणी सुरू झाली. तास-दीड तासानें वीज गेली. कपडे आंतच आहेत, वीज आली कीं पुढें वाळतील, अशा समजुतीनें कोणीं तिकडे पाहिलें नाहीं. दोन-अडीच तासांनीं धाकटी सून स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन म्हणाली, "मामंजी, न्हाणीकडून कांहीं करपल्यासारखा वास येतो आहे. वीज तर अजून आलेली नाहीं!"

जाऊन पाहिलें तों यंत्राची कांच अजून गरम. आम्हीं प्लग काढला, दार उघडलें. गोळा होऊन बसलेल्या कपड्यांच्या पोटांतले दोन पंचे तपकिरी पडले होते, आणि हातांत धरवत नव्हते इतके तापले होते. चिमट्यानें धरून ते अंगणांत नेले व पावसांतच पसरले. आग लागली नाहीं, ही देवाची कृपा. परंतु बाळंतिणीची खोली त्या न्हाणीस लागूनच होती, हें आठवलें कीं अजून अंगावर कांटा उभा राहतो.

सायंकाळीं पुस्तिका काढली. तेल लागलेले कपडे वाळवूं नयेत. आणि वाळवणी मध्येंच थांबली तर कपडे ताबडतोब बाहेर काढून पसरावे, — हीं दोन्ही वाक्यें पहिल्या कांहीं पानांतच ठळक छापलेलीं होतीं! "प्रश्न आधीं नीट वाचा, मग उत्तर लिहा," असें तीस वर्षें मुलांना बजावणाऱ्या मास्तरास याहून मोठी शिक्षा ती कोणती? त्या दिवसापासून जें वाचलें, जाणत्या कारागिरांस विचारलें व स्वतः वापरून पाहिलें, तें अशाच इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडावें, म्हणून येथें क्रमानें मांडीत आहे.

यंत्र चालतें कसें?

या यंत्रांत पोलादी ढोल एकच असतो. आधीं त्यांत कपडे धुतले जातात. मग तो ढोल मिनिटास हजार-बाराशें फेरे घेऊन पाणी पिळून काढतो. आणि शेवटीं विजेनें तापविलेली हवा पंख्याच्या योगानें त्याच ढोलांत फिरविली जाते. कपड्यांतील पाण्याची वाफ होऊन ती त्या हवेंत मिसळते. ही दमट हवा पुढें थंड पृष्ठभागावरून नेली, म्हणजे वाफेचे पुन्हां थेंब बनतात व ते नळीवाटे बाहेर जातात. भात शिजतांना झांकणाच्या आंतल्या बाजूस जें पाणी जमतें, तोच हा प्रकार. पुष्कळ यंत्रांत हा पृष्ठभाग थंड ठेवण्यास नळाचेंच पाणी लागतें. म्हणून धुणें संपलें असें समजून वाळवणीच्या वेळीं नळ बंद करूं नये. कांहीं नव्या यंत्रांत शीतकपाटांत असतो तसा उष्णतापंप असतो. त्यास वीज बरीच कमी लागते. किंमत मात्र अधिक पडते.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. पहिली ही कीं, यंत्राची धुण्याची व वाळविण्याची शक्ति सारखी नसते. ९ किलो धुलाई व ६ किलो वाळवणी, असे दोन आंकडे त्यावर लिहिलेले असतात. दुकानांत सांगतांना बहुधा मोठाच सांगितला जातो. हे वजन सुक्या कपड्यांचें समजावयाचें. कपडा वाळावयाचा तर त्याच्याभोंवतीं हवा खेळली पाहिजे. त्यासाठीं ढोलांत मोकळी जागा हवी. ढोल शिगोशीग भरून धुतला आणि तसाच वाळूं दिला, तर वरचे कपडे भाजतात, मधले ओले राहतात आणि यंत्र व्यर्थ राबतें. यास उपाय सोपा आहे. धुलाई संपल्यावर यंत्र थांबवून तिसरा हिस्सा, विशेषतः चादरी व जाड पातळें, बाहेर दोरीवर टाकावा आणि उरलेल्या कपड्यांची वाळवणी सुरू करावी. वजनाची कल्पना नसेल तर घरच्या ताणकाट्यावर एक-दोन वेळां मोजून पाहावें. पुढें हातालाच अंदाज येतो.

दुसरी गोष्ट वेळेची. भरल्या ढोलाचें धुणें व वाळवणें मिळून चार ते सहा तास लागतात. हा यंत्राचा दोष नव्हे, स्वभाव आहे. संध्याकाळीं लग्नास जावयाचें आणि दुपारीं चारला कपडे यंत्रांत घालावयाचे, असें करणाराची निराशाच होईल.

जागा, पाणी आणि वीज

यंत्र नवें आलें म्हणजे त्याच्या पाठीमागें तीन-चार मोठे स्क्रू असतात. वाहतुकींत ढोल हलूं नये एवढ्यासाठींच ते लावलेले असतात. ते काढल्यावांचून यंत्र चालविलें तर तें खोलीभर नाचतें व मोडतें. काढलेले स्क्रू मात्र जपून ठेवावे. घर बदलतांना पुन्हां लागतात. जमीन सपाट व पक्की पाहिजे. शेणानें सारवलेल्या किंवा लांकडी पाटणीच्या जमिनीवर हें यंत्र मांडूं नये. मागें व बाजूंस वीतभर मोकळी जागा ठेवावी. खेड्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते ती उंदरांची. यंत्राच्या तळाशीं ऊब असते. तेथें उंदीर घर करितात आणि तारांचें वेष्टण कुरतडतात. तळास उंदीर शिरण्याजोगी वाट दिसली तर कारागिराकडून बारीक तारेची जाळी बसवून घ्यावी. हवेचीं छिद्रें मात्र बुजवूं नयेत.

आतां विजेचा हिशेब. वाळविणारा हीटर साधारणतः २,००० वॅटचा असतो. त्यास २३० व्होल्टांनीं भागिलें असतां सुमारें ८.७ अँपिअर येतात. दिवा-पंख्याच्या लहान सॉकेटला हा भार पेलत नाहीं. तें तापतें, वितळतें व प्रसंगीं पेटतें. यासाठीं १६ अँपिअरांचें तीन छिद्रांचें सॉकेट, त्यास स्वतंत्र जाड तार व स्वतंत्र एमसीबी असावें. लांबणीची तार जोडून, किंवा तीन कांट्यांच्या प्लगाचा एक कांटा निकामी करून, हें यंत्र कदापि चालवूं नये. घरच्या लहान इन्व्हर्टरवरही तें चालवावयाचें नसतें.

तिसरा कांटा म्हणजे अर्थिंग. तो शोभेसाठीं नाहीं. आंतील एखादी तार सुटून यंत्राच्या पत्र्यास लागली, तर ती वीज माणसाच्या अंगांतून न जातां जमिनींत जावी, एवढ्यासाठीं तो असतो; आणि धुण्याच्या जागीं हात ओले, पाय ओले, अशा स्थितींत त्याचें महत्त्व दुप्पट. जुन्या वाड्यांत सॉकेटला तीन छिद्रें असतात, पण तिसऱ्यास तारच जोडलेली नसते, असें अनेक ठिकाणीं आढळतें. म्हणून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतल्याखेरीज यंत्र जोडूं नये. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांत कोरडा पडतो. वैशाखांत त्यांत अधूनमधून पाणी घालावें. याशिवाय ३० मिलिअँपिअरचें आरसीसीबी बसवून घेणें हिताचें. वीज वाट चुकून माणसाच्या अंगांतून जाऊं लागली, तर तें क्षणार्धांत प्रवाह तोडतें. त्यावर परीक्षेचें एक बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबून पाहावें.

मृगाच्या किंवा परतीच्या पावसांत विजा कडाडूं लागल्या म्हणजे यंत्र बंद करून प्लग काढावा. पण त्या वेळीं वाळवणी चालू असेल, तर कपडे आंत ठेवूं नयेत. याचें कारण पुढें येईलच.

वस्त्रभेदानें शुद्धिभेद

प्रत्येक वस्त्राची शुद्धि त्याच्या जातीप्रमाणें करावी, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत रेशीम व लोकर खाऱ्या मातीनें, कांबळीं रिठ्यानें व क्षौमवस्त्रें पांढऱ्या मोहरीनें शुद्ध करावीं, असें सांगितलें आहे. आणि आठव्या अध्यायांत धुणाऱ्यानें सांवरीच्या गुळगुळीत फळीवर हलक्या हातानें कपडे धुवावे व एकाचे कपडे दुसऱ्यास नेसूं देऊं नयेत, असा दंडकच घातला आहे. त्या ग्रंथांतील इतर गोष्टींविषयीं मतभेद असोत. परंतु हा धडा या यंत्राच्या पुस्तिकेंत शोभण्यासारखा आहे.

यंत्रांत धुवून वाळविण्यास योग्य ते साधे सुती कपडे : पंचे, टॉवेल, दुपटीं, लंगोट, चादरी, सदरे. नवीन सुती कपडा गरम हवेनें थोडा आटतो, हें लक्षांत ठेवून त्याची पहिली धुलाई हातानें करावी व तो दोरीवर वाळवावा. सोंवळ्याचा कद, पैठणी, जरीचें उपरणें, लोकरीची शाल यांस यंत्राची वाळवणी दाखवूंच नये. आमच्या जिल्ह्यांत मोहाडी-आंधळगांवकडे विणला जाणारा कोसा हेंही रेशीमच. तो सौम्य साबणानें हातानें धुवून सावलींत वाळवावा. कृत्रिम धाग्याचे कपडे कमी उष्णतेवर वाळवावे. रबराचा फोम भरलेल्या उशा, रबरी पाठ लावलेल्या सतरंज्या, मेणकापड, पावसाचे कोट, बाळाच्या अंथरुणाखालचें रबरी कापड, हे सर्व वाळवणींत वर्ज्य होत. फोम तापला म्हणजे आपोआप पेटूं शकतो.

यंत्रांत घालण्यापूर्वी प्रत्येक खिसा उलटा करून पाहावा. सुपारी, नाणें, टांचणी, खडू यांनीं पंप अडतो. आगपेटी वा लायटर आंत राहिला तर काय होईल, तें सांगावयास नको. परकराच्या नाड्या बांधाव्या, चोळ्यांचे हूक लावावे, लहान मुलांचे मोजे जाळीच्या पिशवींत घालावे. साबण कमी फेसाचा, या प्रकारच्या यंत्रासाठीं असलेला घ्यावा, आणि मापानेंच घ्यावा. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता, ही घाटावरची समजूत येथें लागू पडत नाहीं.

तेल, उष्णता आणि आग

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. वीज नसतां आमचे पंचे करपले कसे? याचें उत्तर रसायनशास्त्रांत आहे. वनस्पतिज तेलांचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होत असतो व त्यांत उष्णता उत्पन्न होते. एरवीं ही क्रिया इतकी मंद चालते कीं ती उष्णता हवेंत विरून जाते. परंतु तेलानें माखलेलें कापड एकदां चांगलें तापविलें, आणि गरम असतांनाच घडी करून वा गोळा करून ठेविलें, तर ती क्रिया भराभर वाढते. आंतील उष्णता बाहेर निघूं शकत नाहीं. उष्णतेनें क्रिया वाढते व क्रियेनें उष्णता वाढते. शेवटीं कापड धुमसूं लागतें. जीं तेलें हवेंत लौकर सुकून चिकट होतात, त्यांत हा गुण अधिक. आणि त्यांत जवसाचें तेल अग्रगण्य. रंगारी लोक तें रंगांत घालतात तें याच गुणासाठीं. करडई व सोयाबीनचें तेल त्या खालोखाल. खोबरेल तेलांत हा दोष फार थोडा. परंतु घरांत कोणत्या पंच्यास कोणतें तेल लागलें याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. म्हणून तेल, तूप, रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन, मेण किंवा स्पिरिट लागलेला कोणताही कपडा वाळवणींत घालूं नये, हाच नियम बरा. थंड पाण्याच्या एका धुलाईनें तेल निघत नाहीं. तें धाग्यांत राहतेंच.

आपल्या घरांत असे कपडे किती असतात, तें मोजून पाहावें. बाळाच्या अंगाला तेल लावल्यावर गुंडाळलेलें दुपटें, दिवाळींतील अभ्यंगाचे पंचे, स्वयंपाकघरांतील तेलकट फडकीं, समई पुसण्याचें कापड, वृद्धांच्या सांध्यांस बांधलेल्या पट्ट्या. यांसाठीं आमच्या घरीं आतां एक वेगळी बादली आहे. हे कपडे धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यांत भिजवावयाचे, दोनदां धुवावयाचे आणि दोरीवरच वाळवावयाचे. पाऊस असला तर ओसरीवर, दोन दिवस लागले तरी चालतील.

दुसरा नियम असा : वाळवणीच्या शेवटीं यंत्र कांहीं मिनिटें हीटर बंद करून नुसतेंच फिरतें. तें उगीच नाहीं. कपडे निवविण्यासाठीं आहे. तें पुरें होऊं द्यावें. काहीं कारणानें वाळवणी अर्ध्यावर थांबली, मग ती आपण थांबविली असो वा वीज गेलेली असो, तर दार उघडूं लागतांच सर्व कपडे बाहेर काढून एकेक मोकळा पसरावा. जेथें वीज वारंवार जाते, तेथें हा नियम सर्वांत महत्त्वाचा. वाळलेल्या गरम कपड्यांची चळत करून कपाटांत कोंबणेंही तितकेंच वाईट.

तिसरा नियम : यंत्र वाळवीत असतां घरांत कोणी तरी जागें असावें. रात्रीं लावून निजणें किंवा कुलूप लावून गांवास जाणें टाळावें. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागांतील एका १८ मजली इमारतींत १९ ऑगस्ट २०१६ रोजीं लागलेली आग एका घरांतील वाळवणी-यंत्रांत सुरू झाली होती. कपड्यांची लव हीटरपर्यंत पोंचून पेट घेण्याचा संभव दिसल्यावरून त्या देशांत लाखों वाळवणी-यंत्रांची दुरुस्ती करावी लागली. अमेरिकेच्या अग्निशमन खात्यानें २००८ ते २०१० या वर्षांच्या नोंदींवरून दाखविलें कीं, घरगुती वाळवणी-यंत्रांपासून तेथें दर वर्षीं सुमारें २,९०० आगी लागत. आणि त्यांचें सर्वांत मोठें कारण, शेंकडा ३४ आगींत, यंत्र वेळच्या वेळीं साफ न करणें हें होतें. तीं यंत्रें बहुतेक केवळ वाळविणारीं होतीं. पण लव, उष्णता व हवा हीं तिन्ही आपल्या जोडयंत्रांतही एकत्र येतातच.

धूर किंवा करपल्याचा वास आला तर प्रथम भिंतीवरील मुख्य बटण बंद करावें. धूर दिसत असेल तर यंत्राचें दार उघडूं नये. आंत हवा गेली कीं धुमसणें भडकतें. आम्हीं त्या दिवशीं दार उघडलें तें अज्ञानानें. त्याचें अनुकरण कोणीं करूं नये. वीज जोडलेली असतां पाणी ओतूं नये. माणसांस बाहेर काढून खोलीचें दार ओढून घ्यावें व अग्निशमनासाठीं १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावें.

निगा

प्रत्येक वाळवणीनंतर दाराभोंवतालच्या रबरी कड्याच्या घडींत बोट फिरवून तेथें जमलेली लव व केंस ओल्या फडक्यानें पुसून काढावे. कांहीं यंत्रांत लवेसाठीं वेगळी जाळी असते. ती दर वेळीं साफ करावी. नंतर दार थोडें उघडें ठेवावें; सदा बंद दारानें आंत बुरशी धरते. साबणाचा खण आठवड्यांतून एकदां काढून धुवावा. पुढच्या बाजूस खालीं लहान झांकणाआड पंपाची गाळणी असते. ती महिन्यांतून एकदां काढावी. काढण्यापूर्वी यंत्र बंद करून, आंतील पाणी निवूं देऊन, खालीं परात ठेवावी. आमच्या गाळणींतून पहिल्या खेपेस दोन नाणीं, एक टांचणी आणि माझ्या सदऱ्याची हरवलेली गुंडी निघाली.

विहिरीचें किंवा बोअरचें पाणी जड असेल, तर पातेल्याच्या तळाशीं बसतें तसें पांढरें किटण हीटरवर बसतें. त्यानें वीज अधिक लागते व हीटर लौकर जळतो. त्यासाठीं पुस्तिकेंत सांगितलेलें किटणनाशक किंवा मान्य असेल तर लिंबूसत्त्व घालून दोन-तीन महिन्यांनीं रिकामें यंत्र गरम पाण्यावर चालवावें. एक धोका मात्र पक्का ध्यानांत ठेवावा : ब्लीचिंगचें द्रव्य आणि कोणतेंही आम्ल, मग तें लिंबूसत्त्व असो वा व्हिनेगर, एकत्र करूं नये, त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो. पाण्याची नळी फुगली वा चिरली कीं ती बदलावी, आणि काम झाल्यावर नळ बंद करावा. आंतील हवेच्या वाटेंत सांठलेली लव वर्षांतून एकदां जाणत्या कारागिराकडून काढून घ्यावी. तें काम घरच्या हुशार मुलानें करावयाचें नाहीं.

लहान मुलें

पुढून उघडणाऱ्या या यंत्राचा ढोल नेमका लहान मुलाच्या उंचीवर येतो, आणि लपंडावास त्याहून सुरेख जागा त्यास सांपडत नाहीं. फेब्रुवारी २०१७ मध्यें दिल्लीच्या रोहिणी भागांत तीन वर्षांचीं दोन जुळीं भावंडें घरांतील धुलाई-यंत्राच्या पाण्यांत पडून दगावलीं. त्या एका घटनेनें प्रत्येक एकत्र कुटुंबानें सावध व्हावें. "सगळेच घरांत आहेत," या भरंवशावर अशा घरांत कोणाचेंच लक्ष नसतें. म्हणून यंत्र असलेल्या खोलीस कडी असावी. यंत्र सुरू करण्यापूर्वी ढोलांत हात घालून पाहावें. मुलांसाठींचें कुलूप-बटण लावावें. आणि साबणाच्या रंगीत पुड्या उंच फळीवर ठेवाव्या, कारण त्या मुलांस गोळ्यांसारख्या दिसतात. मांजरही ऊब पाहून आंत शिरतें.

सूर्य आणि यंत्र

आतां थोडें गणित. एक किलो पाण्याची वाफ करावयास अदमासें ०.७ युनिट वीज लागते. हा निसर्गाचा नियम आहे, त्यांत कारखानदाराचें कांहीं चालत नाहीं. पांच किलो सुती कपड्यांत, ते यंत्रानें पिळल्यावरही, अडीच-तीन किलो पाणी राहतें. म्हणजे साध्या हीटरच्या यंत्रास दोन युनिट तरी हवेंतच. प्रत्यक्षांत तीन-चार लागतात. यावरून पिळणी जितकी कडक, तितकी वीज वांचते, हें दिसून येईल. आणि वैशाखांत, पारा ४४-४५ अंशांवर असतां, जें काम आमचें अंगण अर्ध्या तासांत फुकट करितें, त्यासाठीं वीज जाळणें शहाणपणाचें नव्हे. वाळवणी ही पावसाळ्यासाठीं, बाळंतपणासाठीं व आजारपणासाठीं. एरवीं यंत्रानें धुवावें आणि सूर्यानें वाळवावें. उन्हाचा निर्जंतुक करण्याचा गुण वेगळाच.

तथापि यंत्राचा उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. घरच्या स्त्रियांचे दिवसाचे दोन-तीन तास आणि हिवाळ्यांत गार पाण्यानें भेगाळणारे त्यांचे हात त्यानें वांचविले आहेत. विदर्भाच्या याच भूमींत, अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं, २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं एका परीट कुटुंबांत गाडगेबाबांचा जन्म झाला. दुसऱ्यांची घाण स्वतःच्या हातांनीं दूर करण्याच्या कामास त्यांनीं जी प्रतिष्ठा आणून दिली, ती आपल्या सुशिक्षित घरांतील पुरुषांनीं अजून पुरती मानलेली नाहीं. बटण दाबणें, गाळणी धुणें, कपडे पसरणें यांत असें काय आहे कीं तें सुनांनींच करावें? आमच्या घरीं खिसे तपासण्याचें व गाळणीचें काम आतां माझ्याकडे आहे. आणि यंत्राच्या वरती भिंतीवर, मीं सुवाच्य अक्षरांत लिहिलेला एक कागद लावला आहे : तेलाचें कापड आंत नाहीं, वीज गेली कीं कपडे बाहेर, ढोल पाहिल्याशिवाय बटण नाहीं, निजतांना वाळवणी नाहीं.

करपलेल्या दोन पंच्यांपैकीं एक मातोश्रींनीं टाकूं दिला नाहीं. तो त्या कागदाशेजारीं खुंटीवर टांगलेला आहे; पाहुण्यांनीं विचारलें म्हणजे त्याची हकीकत मलाच सांगावी लागते. वाचकांनीं आपल्या घरच्या यंत्राची पुस्तिका कोठें आहे ती आजच शोधून काढावी, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्वांसमक्ष एकदां मोठ्यानें वाचावी, एवढीच विनंती.